माकिंडूला जायचंय? मग ट्रेन सोडून काहीही पकडा

केनियात नैरोबीहून माकिंडूच्या गुरुद्वाऱ्याला ट्रेननं जाऊ नका. ट्रेन माकिंडूजवळून जाते, पण थांबत नाही. मला हे डब्यात बसल्यावर, खिडकीतून गाव मागे पडताना कळलं.

यात अर्धी चूक माझी, अर्धी मेहुण्याची. तो सहा वर्षं नैरोबीत आहे. म्हणाला, "दाजी, तो गुरुद्वारा रेल्वेवाल्यांनीच बांधलाय. ट्रेननंच जा, मजा येईल." बांधलाय रेल्वेवाल्यांनीच, १९२६ साली, पण ती रेल्वे वेगळी! इंग्रजांनी १८९६ ला मोंबासाहून टाकायला घेतलेली ती मीटरगेज. आताची स्टँडर्ड गेज २०१७ ची. जलद गाडीचं सोडाच, ठिकठिकाणी थांबणारी सकाळी आठची 'इंटर-काउंटी'सुद्धा एमालीनंतर एकदम किब्वेझीला थांबते. माकिंडू मधल्यामधे राहतं. तिकीट काढण्याआधी मी थांब्यांची यादी वाचली नाही, तुम्ही वाचा.

त्यातून नैरोबी टर्मिनस शहराबाहेर, स्योकिमाऊला. तासभर आधी पोचावं लागतं. सगळ्यांनी बॅगा जमिनीवर एका ओळीत मांडायच्या, मागे सरकून उभं राहायचं आणि एक कुत्रा बॅगा हुंगत जातो. माझ्या शेंगदाण्याच्या चटणीपाशी तो जरा रेंगाळला तेव्हा पोटात गोळा आला.

किब्वेझीला उतरलो. टॅक्सीवाल्यानं उलट दिशेला माकिंडूपर्यंत सोडायचे ४,००० शिलिंग सांगितले. घासाघीस करून ३,५०० वर आला. मला राग आला आणि मी चालायला लागलो. हा शहाणपणा करू नका. पाठीवर अकरा किलोची सॅक, डोक्यावर अकराचं ऊन, आणि पुढे मोंबासा हायवे. चालायला धड कडा नाही. बंदरातून निघालेले कंटेनर एकामागून एक येतात. प्रत्येक गेला की हवेचा फटका बसतो आणि दातांत लाल माती कचकचते. पाऊण तासात दोनदा बाभळीच्या काट्यांत उडी मारली. शेवटी एक मटाटू, म्हणजे इथली शेअर मिनीबस, थांबली, ३०० शिलिंगात माकिंडूला आणून सोडलं. म्हणजे टॅक्सीवाला लुटतच होता, पण चालणं हा त्यावरचा उपाय नव्हे. स्टेशनवरून हायवेपर्यंत बोडा-बोडा (मोटारसायकल टॅक्सी) घ्या, भाडं आधी ठरवा, मग मटाटू. खरं तर इथवर येऊच नका, बस पकडा.

गुरुद्वाऱ्यात शिरलो तेव्हा मी माणसात नव्हतो. कुणी नाव विचारलं नाही. हात धुवायची जागा दाखवली आणि ताट पुढे केलं. डाळ, चपाती, खीर. मी नांदेडचा, लंगर मला नवा नाही, तरी दुसऱ्या चपातीला डोळे भरून आले. थकव्यानं असेल. शेजारी मोंबासाहून आलेला ट्रक ड्रायव्हर होता, त्याच कंटेनरवाल्यांपैकी एखादा. पठ्ठ्यानं शांतपणे सहा चपात्या संपवल्या. आत चपात्या लाटत होत्या त्या इथल्याच, कांबा जमातीच्या बायका. चपातीला स्वाहिलीतही चपातीच म्हणतात आणि दुकानाला 'दुका'.

संध्याकाळी बाकावर लेस्टरहून आलेले एक आजोबा भेटले. त्यांचे आजोबा जालंधरकडचे लोहार, रेल्वेवर आलेले. हे स्वतः नैरोबीत जन्मले आणि १९६८ च्या मार्चमध्ये ब्रिटननं कायदा करून दार लावलं त्याच्या थोडे दिवस आधी, घाईघाईनं निघून गेले. इंग्रजांच्या त्या लाइनसाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० माणसं आणली होती. अडीच हजारांच्या आसपास मेली, पावणेसात हजारांच्या आसपास इथेच राहिली. शिखांमध्ये सुतार, लोहार, गवंडी पुष्कळ. अशा कारागिराला इथे 'फुंदी' म्हणतात आणि शिखाला 'कालासिंगा'.

मी रेल्वेच्या मजुरांना खाणाऱ्या त्सावोच्या सिंहांचं विचारलं. म्हातारा वैतागला. १८९८ मध्ये सिंहानं जमादार उंगन सिंगला तंबूतून ओढून नेलं, हे सगळ्यांना पाठ. ते दोन सिंह भुसा भरून शिकागोच्या संग्रहालयात ठेवलेत, तिथेही रांगा. पण १९५० मध्ये नैरोबीत जाहीरपणे केनियाचं पूर्ण स्वातंत्र्य मागणारा कामगार पुढारी माखन सिंग? त्याला इंग्रजांनी अकरा वर्षं डांबलं, १९६१ ला सोडलं. "उसका कोई नहीं पूछता," म्हणाले. मीही विचारलं नव्हतं, त्यामुळे गप्प बसलो.

जाणाऱ्यांसाठी: नैरोबीहून मोंबासाची बस घ्या आणि चढतानाच 'माकिंडू, सिख टेंपल' असं सांगून ठेवा, तीनेक तासांत उतरवतात. परतीचा प्रवास दिवसाच करा, त्या हायवेवर रात्री नको. नैरोबीच्या गारव्यावर जाऊ नका, माकिंडू सहासातशे मीटर खाली आहे, उकडतं आणि डास आहेत. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारून निघा. डोक्याला रुमाल हवाच. तंबाखू, सिगारेट, दारू सोबत नको. राहायला खोली मिळते, पैसे कुणी मागत नाही. पेटी आहे, लाज असेल तर टाका. शनिवार-रविवारी मात्र आधी विचारून जा, नैरोबीची कुटुंबं गाड्या भरून येतात. एम-पेसा (इथलं मोबाइलवरून पैसे देणं) नसेल तर सुट्टे शिलिंग बाळगा, मटाटूवाला हजाराची नोट बघून तोंड फिरवतो.

पुढे मोंबासाला दोन दिवस होतो. छान गेले.

परत आल्यावर मेहुण्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "दाजी, मी आजवर गाडी काढूनच गेलोय. ट्रेनचं आपलं वाटलं म्हणून बोललो."