‘खिचडी संपली’

आमच्या आवडत्या उपाहारगृहाची घसरण नेमकी केव्हा सुरू झाली, असे कोणी विचारले तर मला तारीख सांगता येणार नाही. मात्र गल्ल्यामागच्या खिळ्याला अडकवली जाणारी ‘खिचडी संपली’ ही पत्र्याची पाटी ज्या दिवशी कायमची उतरली, त्या दिवशी ती सुरू झाली, असे मी नक्की सांगेन. लाजिरवाणी गोष्ट अशी, की त्या दिवशी मला आनंद झाला होता.

हे ठिकाण नारायण पेठेत, नदीच्या बाजूला उतरत जाणाऱ्या एका गल्लीत आहे. नाव लिहीत नाही. मूळ मालकांना मी लहानपणापासून काका म्हणतो, आणि दुकान दुसऱ्याच्या हाती गेले असले तरी दारावरचे नाव अजून त्यांच्याच घराण्याचे आहे, त्यामुळे जे घडले त्याचा बोल विनाकारण त्यांना लागेल. जून महिन्यात अप्पा बळवंत चौकात पाठ्यपुस्तकांची आणि वह्यांची खरेदी उरकली, की वडील आम्हा भावंडांना तेथे नेत असत. फळ्यावर खडूने लिहिलेले अकरा पदार्थ, लोखंडी पायांची टेबले, आणि आत शिरल्यावर उजव्या भिंतीवर, मुलांनी हात कितीही उंच केला तरी न पोचणारी एक लाल रेघ. रेघेखाली ‘१२ जुलै १९६१’ एवढेच लिहिलेले होते. पानशेतचे धरण फुटले तेव्हा पाणी तेथवर चढले होते, हे काकांना प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगावे लागे आणि ते न कंटाळता सांगत.

त्या अकरा पदार्थांपैकी मिसळ बरी होती, थालीपीठ उत्तम होते, पण माणसे येत ती साबुदाण्याच्या खिचडीसाठी. ती रोज मिळत नसे. गुरुवार, शनिवार, संकष्टी आणि एकादशी एवढ्याच दिवशी, तीही सकाळी आठपासून संपेपर्यंत. संपायला बहुधा अकरा वाजत. आषाढी एकादशीला मात्र साडेनवालाच पाटी लागल्याचे मी पाहिले आहे. उशिरा आलेल्या माणसाने ‘थोडी करून द्या ना’ असे म्हटले, तर काका वर न बघता ‘उद्या लवकर या’ एवढेच म्हणत, आणि उद्या खिचडीचा वार नसेल तर तेही म्हणत नसत. या तुटकपणाला पुणेरी खवचटपणा समजून हसणारे पुष्कळ होते. मीही त्यांतलाच होतो. तो खवचटपणा नव्हता, स्वयंपाकघरातले साधे वास्तव होते, हे कळायला मला फार वर्षे लागली.

साबुदाणा आदल्या रात्री भिजतो. आचारीमामा रात्री दहाच्या सुमारास तो दोनदा धुऊन पाणी निथळून काढीत आणि मग दाण्यांच्या वर दिसणार नाही इतपतच पाणी ठेवून पातेले झाकून टाकीत. किती पाणी ठेवायचे याला माप नव्हते, कारण नव्या पोत्यातला साबुदाणा जुन्यापेक्षा निराळे पाणी पितो. पहाटे पाच वाजता येऊन ते एक दाणा अंगठा आणि बोट यांच्यामध्ये दाबून बघत. मध्ये कणी लागली तर पाण्याचा एक हबका मारून अर्धा तास थांबत. शेंगदाणे तेथेच भाजून, सोलून, जाडसर कुटले जात. फोडणी तुपाची, जिऱ्याची आणि हिरव्या मिरचीची, आणि कढईत एका वेळी आठ-दहा बश्यांपुरताच घाणा, कारण त्याहून जास्त घातले तर खालचा साबुदाणा चिकटतो आणि वरचा कच्चा राहतो. झाकण ठेवून एक वाफ आली, दाणा काचेसारखा दिसू लागला, की कढई खाली. अर्ध्या तासाच्या आत ती खिचडी खाल्ली गेली पाहिजे. नंतर ती वातड होते आणि मग जगातले कोणतेही तूप तिला मऊ करू शकत नाही. म्हणजे रात्री दहाला जेवढा भिजला तेवढाच साबुदाणा सकाळी असणार, आणि तो संपला म्हणजे संपला. ती पाटी त्यासाठी होती.

काकांचे गुडघे गेले, मुलांनी आपापली वेगळी क्षेत्रे निवडली, आणि धाकट्या भावाच्या वाटणीचा प्रश्न उभा राहिला. शेवटी चार वर्षांपूर्वी त्यांनी दुकान चालवायला दिले. या व्यवसायात त्याला ‘कंडक्टिंग’ म्हणतात: जागा, परवाना आणि नाव मूळ मालकाचे, धंदा चालवणारा दुसरा, आणि त्याच्याकडून मालकाला अनामत रक्कम व दरमहा ठरलेला आकडा. गल्लीतल्या जुन्या मंडळींनी तेव्हाच नाके मुरडली. मी नव्या व्यवस्थापनाची बाजू घेतली होती, हे येथे नोंदवले पाहिजे. हात धुण्याची जागा स्वच्छ झाली, पंख्यांचा खडखडाट थांबला, सुट्ट्या पैशांवरून होणारी वादावादी क्यूआर कोडने मिटवली, दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवण्याची प्रथा गेली. लाल रेघेवर विटांचे चित्र असलेला कागद चिकटवला गेला तेव्हा वाईट वाटले, पण रेघ काही खायची नव्हती. आणि खिचडी रोज, दिवसभर मिळू लागली. ऑफिसातून येताना संध्याकाळी सहा वाजता समोर बशी आली, तेव्हा हे आधीच व्हायला हवे होते, असे मी शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी माणसालासुद्धा ऐकवले.

त्या संध्याकाळची खिचडी वाईट नव्हती, हेही खरे आहे. आचारीमामा तेव्हा अजून तेथे होते. ते चार महिन्यांनी काम सोडून गेले, आणि त्यानंतर बिघाड इतक्या सावकाश होत गेला की कोणत्याही एका दिवशी तक्रार करण्यासारखे काही सापडत नसे. आधी कुटाचा जाडसरपणा गेला. तयार कूट येऊ लागले होते, आणि ते पिठासारखे बारीक असल्याने दाण्यांना चिकटून बसे. मग तुपाचा वास गेला. मग बटाट्याच्या काचऱ्यांच्या जागी चौकोनी तुकडे आले, जे बहुधा सकाळीच उकडून, कापून, कोणत्या तरी भाजीसाठी ठेवलेल्या ढिगातून उचलले जात असावेत. काउंटरवर काचेची हॉट केस आली. सकाळी एकदम केलेली खिचडी तिच्यात दिवसभर बसून राही. दाणे आक्रसत, आणि वाढताना त्यांच्यावर पाणी शिंपडून पुन्हा तव्यावर परतले जाई. त्यामुळे वरून ओली आणि आतून रबरी अशी एक वस्तू तयार होते, जी मऊही नसते आणि मोकळीही. रात्री उरलेल्या खिचडीचे पुढे काय होत असे, हे मी पाहिलेले नाही, पण त्याच सुमारास साबुदाणा वडे मात्र रोज सकाळी अगदी वेळेवर तयार असत. यादी फळ्यावरून लॅमिनेट केलेल्या चार पानांवर गेली होती आणि तिच्यात हाका नूडल्सपासून पनीर टिक्क्यापर्यंत सगळे होते. एवढे पदार्थ करायला माणसे मात्र पूर्वीइतकीच, तीन.

माझ्या आईला या बारीकसारीक गोष्टी सांगितल्या की ती म्हणे, ‘तुझी जीभ म्हातारी झाली.’ गेल्या वर्षी एका संकष्टीला लक्ष्मी रस्त्यावरची कामे लांबली, तेव्हा मी तिला तेथे घेऊन गेलो. चंद्रोदयाला पुष्कळ अवकाश होता आणि तिला मधुमेहाची गोळी घ्यायची होती. बशी आली. तिने पहिला चमचा घेतला, दुसरा घेताना थांबली, आणि चमच्याच्या टोकाने बशीच्या कडेला एक बारीक काळा दाणा वेगळा काढून ठेवला. मग आणखी एक. मोहरी होती. उपासाच्या खिचडीला मोहरीची फोडणी कोणी देत नाही. म्हणजे पोह्यांची किंवा उपम्याची कढई तशीच पुसून तिच्यात खिचडी केली होती. काकांच्या काळी उपासाची कढई, उलथने आणि झारा भिंतीवर वेगळ्या खुंटीला टांगलेले असत आणि त्यांना इतर दिवशी कोणी हात लावत नसे. आई काही बोलली नाही. बशी हलकेच माझ्याकडे सरकवली, पाणी प्यायली, पर्समधून राजगिऱ्याची वडी काढून खाल्ली आणि गोळी घेतली. वेटरला बोलवायचे का, असे मी विचारले तेव्हा ती म्हणाली, ‘त्या पोराला उपास कशाशी खातात ते ठाऊक नाही, त्याला कशाला बोलायचे?’ पैसे पूर्ण दिले आणि आम्ही उठलो.

त्यानंतर काही दिवस मी त्या नव्या चालकावर मनातल्या मनात बराच संतापलो. पुढे काकांकडेच गेलो असता त्यांनी मला अगदी हिशेबनिसासारखे समजावले. करार तीन वर्षांचा होता आणि नुकताच एकदा वाढवून दिला होता. तेवढ्या मुदतीत भरलेली अनामत, नव्या रंगरंगोटीचा खर्च आणि दरमहाचा आकडा वसूल करून वर काही सुटायला हवे. ज्याला दहा वर्षांनी तेथे बसायचेच नाही, त्याने दहा वर्षांनी येणाऱ्या गिऱ्हाइकासाठी पहाटे पाचला माणूस का उठवावा? त्यात नोव्हेंबर २०१७पासून साध्या उपाहारगृहांना ५ टक्के जीएसटी लागतो, पण मालावर आणि भाड्यावर त्यांनी स्वतः भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. तो सगळा खर्चातच जातो. घरपोच मागणीच्या ॲपचे कमिशन वेगळे. ‘माझी जागा घरची होती,’ काका म्हणाले, ‘म्हणून मला खिचडी संपवणे परवडत होते.’ जागेचे भाडे मलाही भरावे लागले असते तर मीही हॉट केस घेतली असती, असेही ते पुढे म्हणाले; ते मला पूर्ण पटले नाही, पण ते खोटेही वाटले नाही.

लक्ष्मी रस्त्यावरचे पूना गेस्ट हाऊस मूकपटांच्या काळातले चित्रपटकार नानासाहेब सरपोतदार यांनी १९३५ साली काढले आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी ते चालवले. अशी उदाहरणे पाहिली की वाटते, घरचा माणूस गल्ल्यावर असला म्हणजे चव टिकते. मात्र हे समीकरण इतके सोपे नसावे. काकांची मुले गल्ल्यावर बसली असती, तर त्यांनीही संध्याकाळी सहाला खिचडी द्यायला सुरुवात केली नसती कशावरून? मागणी करणारे आम्हीच होतो. वर्षानुवर्षे चाळीस रुपयांच्या बशीवर आणि अर्ध्या चहावर दोन तास बसून राहणारे आम्ही, आणि किंमत पाच रुपयांनी वाढली तेव्हा आठवडाभर त्यावर चर्चा करणारेही आम्हीच. आचारीमामांच्या पहाटेची किंमत त्या बशीत कधी धरलेलीच नव्हती. नव्या माणसाने वही उघडली, तेव्हा त्याला तेथे फक्त एक महागडा पगार दिसला.

आचारीमामा आता धायरीला मुलाकडे राहतात आणि ओळखीच्यांना ऑर्डरप्रमाणे भाजणी करून देतात. दिवाळीच्या आधी चकलीची भाजणी आणायला गेलो, तेव्हा स्वयंपाकघराच्या ओट्याखाली ती पत्र्याची पाटी दिसली. दुकान सोडताना त्यांनी ती मागून घेतली होती. उपयोग मात्र अगदी व्यवहारी: भाजणी भाजण्याची लोखंडी कढई उतरवली की ती तिच्यावर ठेवतात, म्हणजे फरशीला चटका बसत नाही. काळ्या पत्र्यावरच्या पांढऱ्या अक्षरांपैकी ‘खिच’ एवढेच आता वाचता येते.

भाजणी पिशवीत भरता भरता त्यांनी दुकानाची चौकशी केली. गर्दी असते का, भिंतीला ओल येते का, मागच्या नळाला पाणी येते का. मी सांगत गेलो. मग त्यांनी विचारले,

‘खिचडी किती वाजता संपते हल्ली?’

‘संपत नाही, मामा. रात्री दहालाही मिळते.’

त्यांनी पिशवीचे तोंड दोऱ्याने बांधले, गाठ एकदा ओढून पाहिली, आणि आईची साखर आता कशी आहे, असे विचारले.