वास येणारे पाणी

पाण्याची परीक्षा आपण जिभेने घेतो आणि तिने दिलेल्या निकालावर आयुष्यभर विसंबून राहतो. अकोला, अमरावती आणि बुलडाणा या जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात पसरलेल्या खारपाणपट्ट्यात तर ही परीक्षा फारच कडक असते, कारण येथे जमिनीच्या पोटातले पाणीच खारे आहे. बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ तासभर रटरटली तरी दाणा मऊ पडत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि धुऊन पालथा घातलेला स्टीलचा पेला वाळला की त्यावर पांढरे ठिपके उमटतात. त्यामुळे एखाद्या गावात वरण चांगले शिजते, हे आमच्याकडे त्या गावाला मिळालेले मोठे प्रशस्तिपत्र समजले जाते आणि सोयरीक जुळवताना शेतीच्या जोडीने पाण्याचीही चौकशी होते.

वान आणि काटेपूर्णा या धरणांवरून निघालेल्या नळयोजनांचे पाणी खेड्यापाड्यांत पोहोचले, तेव्हा जिभेचा प्रश्न बराचसा सुटला. डाळ शिजू लागली. मात्र गोड पाण्याबरोबर एक नवी तक्रारही घरात आली. टाकीत टीसीएल पावडर, म्हणजे जंतू मारणारी क्लोरीनची भुकटी, टाकलेल्या दिवशी नळाखाली भांडे लावणारी पहिलीच बाई म्हणते, "पान्याले औषधाचा वास येते." मग ते पाणी धुण्याभांड्याला जाते आणि पिण्यासाठी शेतातल्या विहिरीचे पाणी आणले जाते. विहिरीचे पाणी नितळ असते, थंड असते, त्याला वास नसतो. तिच्या काठावर बैल धुतले जातात आणि पहिल्या पावसात बांधावरचे सगळे तिच्यात उतरते, ही बाब जिभेला कळत नाही.

मला तो वास आवडतो, असे म्हटले की घरात हसतात. पण त्या वासाइतकी प्रामाणिक खूण पाण्याजवळ दुसरी नाही. पाण्यातले जंतू मारून झाल्यावरही थोडा क्लोरीन शिल्लक राहिला पाहिजे, म्हणजे पुढच्या वाटेत घाण मिसळली तरी तिच्याशी झगडायला कोणी तरी जागेवर असेल. हे प्रमाण नळाच्या तोंडाशी लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम असावे, असे भारतीय मानक सांगते. ते पाहण्याची ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणी शाळकरी पोरालाही जमेल इतकी सोपी आहे. कागदोपत्री जलसुरक्षक असलेला आणि गावात पाणी सोडणारा म्हणूनच ओळखला जाणारा माणूस काचेच्या नळीत नळाचे पाणी घेतो, त्यात बाटलीतल्या द्रावणाचे थेंब सोडतो, नळी हलवून उजेडासमोर धरतो. पाणी पिवळे झाले तर क्लोरीन आहे. जितके गडद, तितका अधिक. नळी पांढरीच राहिली, तर पावडर टाकलीच नव्हती, कमी पडली होती, किंवा पिशवीचे तोंड उघडे राहून ओल लागल्याने तिच्यातला दम आधीच निघून गेला होता. वासाच्या तक्रारी फार वाढल्या की त्या बिचाऱ्याचा हात आपोआप आखडतो आणि गावही खूश होते, हा त्यातला खरा धोका.

चवीने माणसाला चकवण्याची गोष्ट काही वऱ्हाडापुरती नाही. 1854 साली लंडनमध्ये पटकीची साथ पसरली, तेव्हा जॉन स्नो या डॉक्टरांनी ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका हातपंपाकडे बोट दाखवले. त्यांच्या शोधात एक विधवा स्त्री आढळली, जी त्या वस्तीपासून दूर हॅम्पस्टेडला राहत होती; पण या पंपाच्या पाण्याची चव आवडे म्हणून तेथून ते मुद्दाम मागवत असे. त्या पाण्यानेच तिचा जीव घेतला.

आता शहराकडे पाहू. नागपूरला पेंच आणि कन्हानचे पाणी मिळते आणि तेथील नातेवाइकांकडे गेले की नळाखाली थेट पेला धरायला आम्हा खेडवळांना भीती वाटत नाही. घाबरतात ते तेच. शुद्धीकरण केंद्रात पाण्यातला गाळ तुरटीसारख्या रसायनाने खाली बसवतात, पाणी वाळूतून गाळतात, मग क्लोरीन देतात, आणि तेथून निघणारे पाणी बहुधा चोखच असते. कोणत्याही शहरात बिघाड होतो तो पुढच्या वाटेत. पुरवठा ठरावीक तासांचाच असेल, तर पाणी बंद झाल्यावर वाहिनी रिकामी पडते, तिच्यातला दाब जातो, आणि शेजारून वाहणाऱ्या नालीतले पाणी झिजलेल्या जोडातून आत शिरते. त्यात कोणी नळाला टिल्लू पंप लावला, तर ही ओढ आणखी वाढते. म्हणजे चोवीस तास पाणी ही केवळ चैन नव्हे. भरलेली वाहिनी बाहेरची घाण आत येऊ देत नाही. आमच्याकडे तर दोन पाळ्यांमध्ये कित्येक दिवसांचे अंतर पडते. तोवर ड्रममध्ये साठवलेल्या पाण्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो आणि लहान मुले त्यात हात घालून गडवा भरतात. लांब दांड्याचे ओगराळे प्रत्येक रांजणावर हवे, ते ज्या घरात असते तेथेही ते बहुधा खुंटीलाच असते.

यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या काही गावांची कहाणी निराळी आहे. तेथील भूजलात फ्लोराइड आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेले की ते मुलांच्या दातांवर तपकिरी डाग आणते आणि प्रमाण बरेच वाढून वर्षानुवर्षे पोटात गेले, तर हाडे वाकवते. त्याला ना चव, ना वास, ना रंग. पाणी उकळल्यानेही ते जात नाही. वाफ निघून गेल्यावर उलट दाट होते. तेथे क्लोरीनही उपयोगाचा नाही, स्रोतच बदलावा लागतो.

या सगळ्यावर अलीकडे गावाने शोधलेला उपाय म्हणजे गाडीवरून येणारा वीस लिटरचा थंड पाण्याचा जार. आरओने क्षार निघतात, हे खारपाणपट्ट्याला नक्कीच सोयीचे आहे. पण त्याबरोबर राखणीचा क्लोरीनही निघून जातो आणि सील नसलेल्या जारवर ना तारीख असते, ना तपासणीचा शिक्का. लग्नातल्या मंडपात मात्र तोच मानाचा, आणि नळाचे पाणी पाहुण्याला देणे म्हणजे कमीपणा.

जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासण्याचे प्रशिक्षण आणि संच देण्याची तरतूद आहे. ग्रामसभेत मात्र पाण्याचा विषय निघाला की एकच प्रश्न होतो, तो म्हणजे नळ कधी सुटणार. ओटी चाचणीच्या नोंदवहीत काय लिहिले आहे, हे सरपंचांना विचारणारा माणूस अजून माझ्या पाहण्यात नाही, त्यामुळे पुढच्या सभेत तो प्रश्न मीच विचारणार आहे. वासाची तक्रार करणाऱ्या बाया त्या वेळी समोर बसलेल्या असल्या तर बरे.