दारात बर्फ, नळाला पाणी नाही

९ जानेवारी, लिव्हिंगस्टन, मोंटाना

उठल्यावर पहिलं काम म्हणजे ट्रेलरची उशाकडची भिंत चाचपायची. कोरडी लागली तर दिवस बरा जातो. आज ओली होती. दाराच्या चौकटीतल्या स्क्रूंच्या डोक्यांवर, तेही आतल्या बाजूनं, साबुदाण्यासारखे पांढरे दाणे जमले होते. स्क्रूतून बाहेरचा गारठा थेट आत येतो आणि आम्हा दोघांच्या श्वासातली वाफ त्याच्यावर जाऊन गोठते. नखानं टोकरलं की दाणा टिचकन उडतो आणि पायाखाली येईपर्यंत त्याचं पाणी झालेलं असतं. बाहेर उणे २९, आत १८.

फोनवर सगळे एकच विचारतात, ‘एवढी थंडी सहन कशी करता रे?’ थंडीचं काही नाही. अंगावर कपडे असतात, घर तापवायला गॅसची भट्टी असते. छळतं ते पाणी. हवं तिथं गोठतं आणि नको तिथं येऊन बसतं.

आमचं घर म्हणजे पिकअप ट्रकच्या मागे जोडायचा ट्रेलर. बायको ट्रॅव्हल नर्स आहे. साधारण १३ आठवड्यांचं एक कंत्राट असतं, ते संपलं की दुसरं गाव. दर वेळी भाड्याचं घर शोधत बसण्यापेक्षा घरच बरोबर न्यावं, असं ठरवलं. माझं काम लॅपटॉपवरचं, त्यामुळे घरातली प्लंबिंगपासून वायरिंगपर्यंतची सगळी खाती माझ्याकडे. शहाणे आरव्हीवाले, म्हणजे आमच्यासारखे चाकांवरच्या घरात राहणारे, नोव्हेंबरातच ॲरिझोनाच्या उन्हाकडे सरकतात. हिला बरं कंत्राट मिळालं ते मात्र ऐन हिवाळ्यातलं, मोंटानातलं. आलो.

ट्रेलरवर गॅसच्या दोन टाक्या आहेत, ३० पौंडी. आपल्या घरगुती सिलिंडरात १४.२ किलो गॅस असतो, ह्यात साडेतेराच्या आसपास. म्हसवडला आईला एक सिलिंडर महिना-दीड महिना सहज जातो. इथं कडाका पडला की टाकी दोन दिवसांत खडखडाट. ह्या टाक्यांत प्रोपेन असतो, आणि तो उणे ४२ पर्यंत वायू होत राहतो, म्हणून तर भट्टी पेटते. आपल्याकडच्या सिलिंडरात ब्युटेनही असतो. तो शून्याच्या आसपासच हातपाय गाळतो.

मग गॅस वाचवायला विजेचा हीटर का लावत नाही? लावता येतो, पण त्यात एक गोम आहे. भट्टीची गरम हवा नुसती खोलीत येत नाही, थोडी ट्रेलरच्या पोटातूनही फिरते. पाण्याच्या टाक्या आणि नळ्या तिथंच असतात. विजेच्या हीटरनं खोली ऊबदार झाली की थर्मोस्टॅट समाधानी, भट्टी गप्प, आणि आपण वर टी-शर्टवर बसलेले असताना खाली सगळं गोठायला लागतं. म्हणून हीटर फक्त जोडीला, मंद ठेवून.

स्वयंपाकाचंही तसंच. एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोहून जास्त पाणी तयार होतं. भट्टीचा धूर बाहेर जातो, शेगडीचा आतच राहतो. त्यात कुकरच्या शिट्ट्या. वरणभात झाला की खिडकीवरून ओघळ सुरू, आणि रात्री गादी उचलून बघावं तर खालची फळी दमट. आता कुकर इंडक्शनवर असतो, गादीखाली पट्ट्या टाकून हवेला वाट करून दिली आहे आणि छताचा झरोका भर थंडीत बोटभर उघडा असतो. पैसे मोजून तापवलेली हवा त्यातून बाहेर जाताना बघवत नाही, पण बुरशीपेक्षा परवडली.

पाणी भरायचं ते टाकीत. भरलं की पाइप लगेच काढायचा, झटकायचा आणि आत आणायचा. सांडपाण्याचा कॉक कायम बंद. तो उघडा ठेवला तर थेंबथेंब जाणारं पाणी पाइपातच गोठत जातं आणि आतून बर्फाचा दांडका तयार होतो. टाकी भरत आली की एकदम सोडायची, भसकन. शेजारच्या जुन्या बसमध्ये एक आजोबा एकटेच राहतात, त्यांनी हे आम्ही आलो त्याच संध्याकाळी सांगितलं आणि परत बसमध्ये जाऊन दार लावून घेतलं.

टाकी लवकर भरू नये म्हणून आंघोळ शॉवरनं नाही, तांब्यानं. अर्ध्या बादलीत. ते मला जड जात नाही. माणदेशात टँकरची वाट बघत मोठा झालेल्याला अर्धी बादली म्हणजे चैन आहे. आईला मात्र हे पटत नाही. काल व्हिडिओवर तिला खिडकीबाहेरचा ढीग दाखवला. म्हणाली, ‘अरे, एवढं पाणी दारात पडलंय आणि तू मोजून वापरतोस?’

१४ जानेवारी

पहाटे छपरावरून ठिबकायचा आवाज आला. आधी वाटलं नळी फुटली. बाहेर आलो तर हवा चक्क कोमट. चिनूक! रॉकीज ओलांडून पूर्वेकडे उतरताना वारा तापतो आणि कोरडा होतो, तो हा. ह्याच राज्यात उत्तरेला लोमा नावाचं छोटं गाव आहे. तिथं १९७२ साली, १४-१५ जानेवारीला, म्हणजे ऐन संक्रांतीच्या सुमारास, २४ तासांत पारा उणे ४८ वरून ९ वर चढला होता. आईला फोनवर सांगितलं. तिला बहात्तर म्हटलं की दुष्काळच आठवतो. सुकडी, मिलो ज्वारी, खडी फोडायची कामं. ती त्यावरच बोलत राहिली, लोमा बाजूलाच राहिलं.

चिनूकचं कौतुक दुपारपर्यंतच. संध्याकाळी पारा परत घसरला, वितळलेलं सगळं होतं तिथं गोठलं आणि दार चौकटीला चिकटून बसलं. बायको ड्यूटीला निघालेली, आतून खांदा लावतेय, मी हेअर ड्रायरनं रबराच्या पट्टीवर गरम हवा मारतोय. निघालं एकदाचं. आता रबराला सिलिकॉन ग्रीस चोळून ठेवलंय.

गूळ हिनं मागच्या गावाहून आणून ठेवला होता. वड्या जरा कडकच झाल्या. आजोबांना नेऊन दिल्या. ‘गोड बोला’ त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता, ते मुळात बोलतच नाहीत.

२३ जानेवारी

वारा. रात्रभर वारा. लिव्हिंगस्टन त्यासाठीच प्रसिद्ध आहे म्हणे. इंटरस्टेट ९० उंच गाड्या आणि ट्रेलरसाठी बंद, सगळे ट्रक गावातून वळवलेले. ट्रेलर स्प्रिंगवर डुलतोय आणि मला चक्क बोट लागल्यासारखं होतंय. खालून वारा घुसू नये म्हणून चारी बाजूंनी फोमच्या पाट्या लावल्यात, त्यांतली एक उडून कुंपणात अडकली. जागच्या जागी बसवून तिच्यावर बर्फाची रास लावली. बर्फासारखा फुकटचा आडोसा नाही. बाकी काही लिहिण्यासारखं नाही.

४ फेब्रुवारी

हिला सुट्टी. ट्रक इंजिन हीटरच्या प्लगला रात्रभर लावून ठेवला होता, सकाळी पहिल्या चावीला उठला. ट्रेलर इथंच ठेवून गार्डिनरमार्गे येलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातल्या लमार खोऱ्यात गेलो. येलोस्टोनचे बाकीचे मोटाररस्ते हिवाळ्यात बंद असतात, गार्डिनर ते कूक सिटी हा एवढाच चालू. १९९५ मध्ये कॅनडातून लांडगे आणून सोडले ते ह्याच भागात. लांडगा दिसला नाही. दुर्बिणी लावून बसलेली माणसं पुष्कळ दिसली. पण एक बायसन, म्हणजे इथला केसाळ रानगवा, रस्त्याच्या कडेला इतका जवळ होता की त्याच्या दाढीतले बर्फाचे लोलक मोजता आले असते. डोकं खाली घालून तो उजवीकडे-डावीकडे बर्फ लोटत होता, खालचं पिवळं गवत दिसेपर्यंत. तोंडात घास जेमतेम मूठभर. आम्ही थर्मासमधला चहा संपवला तरी तो त्याच खड्ड्यात होता.

१६ फेब्रुवारी

रुग्णालयानं हिला कंत्राट वाढवायचं का विचारलंय. मे पर्यंत. ही म्हणते, सगळ्यात वाईट ते तर झालं. आजोबांना विचारलं, मार्चमध्ये इथं कसं असतं? त्यांनी आमच्या गॅसच्या टाक्यांकडे बघितलं आणि म्हणाले, ‘तिसरी घेऊन ठेव.’ शनिवारी बोझमनला जातोय, भाव विचारतो, मग तिला काय ते सांगतो.