एकक कुठाय?

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असं शाळेचं पत्र आलं. लिहायला बसलो आणि दुसऱ्याच ओळीत सर आले. गणिताचे सर. नाव घालायची गरज नाही. १९९८ च्या आमच्या दहावीच्या तुकडीत नुसतं 'सर' म्हटलं की एकच माणूस डोळ्यांपुढं उभा राहतो. प्रार्थना, स्नेहसंमेलन, सहली यांबद्दल बाकीचे लिहितीलच. मला सरांचा एक तास सांगायचा आहे.

त्या वर्षी काकांनी कॉलेज कॉर्नरजवळच्या एका दुकानातून कॉम्प्युटर घेतला. सोबत आलेले कागद मी पाठ करून टाकले होते. टेलिफोनच्या तारेवरून माहिती आणणाऱ्या मोडेमच्या खोक्यावर ३३.६ आणि हार्ड डिस्कच्या कागदावर अल्ट्रा डीएमए, ३३.३. मधल्या सुट्टीत मी जाहीर केलं की टेलिफोनच्या तारेवरून येणारी माहिती घरातल्या डिस्कपेक्षा थोडी जास्तच वेगानं येते. शेजारच्या मित्राला ते पटेना. भांडण थेट सरांच्या तासाला गेलं.

सरांनी खडू खाली ठेवला. "मला यातलं काही कळत नाही. पण एकक कुठाय?" माझ्याकडं नव्हतं. "मग लहान-मोठं कशावरून ठरवलंस? उद्या एकक घेऊन ये."

संध्याकाळी सायकलवरून दुकान गाठलं. तिथल्या दादानं पुस्तिका काढून दिली. मोडेमचे ३३.६ म्हणजे सेकंदाला ३३.६ किलोबिट; डिस्कचे ३३.३ म्हणजे सेकंदाला ३३.३ मेगाबाइट. एकीकडं हजार, दुसरीकडं दहा लाख. एकीकडं लहान बी म्हणजे बिट, दुसरीकडं मोठा बी म्हणजे आठ बिटांचा बाइट. शिवाय मोडेमला बाइट देताना त्याच्या आठ बिटांच्या पुढं एक स्टार्ट बिट आणि मागं एक स्टॉप बिट लावतात. सगळं वहीत उतरवून आणलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी त्रिकोणमिती बाजूला ठेवली. फळ्यावर डावीकडं लिहिलं 'टीएमसी', म्हणजे अब्ज घनफूट; उजवीकडं 'क्युसेक', म्हणजे सेकंदाला घनफूट. पावसाळ्यात कोयनेचा विसर्ग आणि आयर्विन पुलाची पातळी ऐकल्याशिवाय ज्यांच्या घरी ताटं वाढली जात नाहीत, त्या सांगलीच्या पोरांना यात समजावण्यासारखं काही नव्हतं. "साठा वेगळा, धार वेगळी," सर म्हणाले. "धरणात १०५ टीएमसी पाणी आहे. वरून थेंब येत नाही असं धरा. २१०० क्युसेकनं सोडलं तर किती दिवस पुरेल?" १०५ अब्ज घनफूट भागिले २१००, पाच कोटी सेकंद, म्हणजे ५७९ दिवस. मग टीएमसीखाली त्यांनी 'बाइट' लिहिलं आणि क्युसेकखाली 'सेकंदाला बाइट'.

स्टार्ट आणि स्टॉप बिटांपाशी ते थोडे थांबले. "कारखान्याच्या काट्यावर उसाची गाडी भरलेली एकदा आणि रिकामी एकदा का तोलतात? गाडीचं वजन वजा करायला. हे दोन बिट म्हणजे गाडीचं वजन." म्हणून ३३,६०० ला आठानं नाही, दहानं भागायचं. सेकंदाला ३,३६० बाइट. डिस्कचे ३ कोटी ३३ लाख. भागाकार आला ९,९११. माझा मोडेम पुढं नव्हताच, दहा हजार पटींच्या आसपास मागं होता. वर्ग हसायच्या बेतात होता, सरांनी हसू दिलं नाही. "प्रश्न यानं आणला," एवढंच म्हणाले.

घरचा अभ्यास मिळाला तो फ्लॉपीचा, म्हणजे माहिती साठवायच्या तेव्हाच्या चकतीचा. 'एक पूर्णांक चव्वेचाळीस'ची फ्लॉपी, बाइट १४,७४,५६०. वेगवेगळ्या वेगांच्या मोडेमवरून ती पाठवायला किती वेळ? सेकंदाला २,४०० बिटवाल्याला ६,१४४ सेकंद, म्हणजे एक तास बेचाळीस मिनिटं आणि वर २४ सेकंद. ९,६०० ला १,५३६. १४,४०० ला बरोबर १,०२४ आणि २८,८०० ला ५१२! शेष कुठंच उरेना. त्या फ्लॉपीवर १,४४० गुणिले १,०२४ बाइट असतात, म्हणून हे असं जुळतं. तो उलगडा झाला तेव्हा वहीवरून मान वर करून मी आईला हाक मारली होती. तीच फ्लॉपी ड्राइव्हमध्ये मिनिटाला ३०० फेरे फिरते. १६० फेऱ्यांत सगळी वाचून होते, अवघ्या ३२ सेकंदांत.

आज पुण्यात हेच माझं काम आहे, एका ठिकाणचा साठा दुसऱ्या ठिकाणी हलवणं. गेल्या वर्षी ४० टेराबाइट न्यायचे होते, लाइन १ गिगाबिटची. बैठकीत कुणीतरी अकरा तास सांगितले. बिटाला बाइट धरलं होतं. खरे लागणार होते ८९ तास. "एकक कुठाय?" माझ्या तोंडून निघालं, अगदी सरांच्या सुरात. कॉम्प्युटरला डिस्क जोडणाऱ्या, २००३ साली आलेल्या सॅटा केबलचंही तेच. १.५ गिगाबिटचे १५० मेगाबाइटच होतात, कारण तिथंही आठ बिटांसाठी दहा पाठवावे लागतात. गाडीचं वजन.

मागच्या दिवाळीत शाळेत डोकावलो. आमच्या वर्गात आता मोठा पडदा आहे आणि भागाकार फोन करतो. मुलं हुशार आहेत, माझ्याशी छान बोलली. पण फळ्यावर डावीकडं साठा नि उजवीकडं धार लिहून ठेवणारं कुणी नाही, हे बघून फार वाईट वाटलं.

इंजिनिअरिंगला गेल्यावर मला कळलं होतं की चुका दुरुस्त करणारी व्ही-४२ पद्धत चालू असेल, तर मोडेम ते स्टार्ट-स्टॉप बिट तारेवर पाठवतच नाही. म्हणजे भागायचं जवळजवळ आठानंच. सरांना पत्र लिहिलं. चूक काढल्यासारखं वाटेल म्हणून पाठवायला महिना लावला. आठवड्यात पोस्टकार्ड आलं. ते जपून ठेवलंय, कार्यक्रमाला येताना आणतो. सुवाच्य अक्षर, तीन वाक्यं: "दुरुस्ती मान्य. नवे उत्तर ७,९२९ पट. येथे एकक नाही, कारण हे गुणोत्तर आहे."