मॅकग्रेगर: कायद्याने पुसलेलं आडनाव

स्कॉटलंडमध्ये एडिंबराच्या रॉयल माइल या जुन्या रस्त्यावर टार्टनच्या दुकानांत आडनावांची यादी ठेवलेली असते. डावीकडे आडनाव, उजवीकडे कुळ. आपलं नाव शोधायचं आणि त्या कुळाचं चौकटीचं कापड घ्यायचं. मॅकग्रेगर कुळापुढे या याद्यांत भलभलती नावं सापडतात: ग्रेगरी, किंग, ब्लॅक, व्हाइट. एका कुळात एकमेकांशी काडीचा संबंध नसलेली एवढी नावं का, याचं उत्तर १६०३ सालच्या एका हुकुमात आहे. आणि तो हुकूम ठाऊक नसेल तर या घराण्याचा माग काढणारा माणूस हमखास चुकतो.

आधी नावाकडे पाहू. गेलिक या स्कॉटलंडच्या जुन्या भाषेत 'मॅक' म्हणजे मुलगा. आपण मधे वडिलांचं नाव लावतो तसंच हे, फक्त पूर्वी ते दर पिढीला बदलायचं आणि पुढे एका पूर्वजापाशी गोठून आडनाव झालं. मुलीच्या नावात गेलिकमध्ये 'मॅक'च्या जागी 'निक' येतं. ग्रेगर हे लॅटिन ग्रेगोरियसवरून आलं. मुळातल्या ग्रीक शब्दाचा अर्थ 'जागा राहणारा'. कुळाचं ब्रीद आहे 'माझा वंश राजाचा', आणि परंपरा त्यांना नवव्या शतकातल्या राजघराण्याशी जोडते. कागदांच्या आधारे मात्र ग्लेनऑर्की या दरीतल्या चौदाव्या शतकाच्या मागे खात्रीने जाता येत नाही.

खरं दुखणं जमिनीचं. ग्लेनऑर्की, ग्लेनस्ट्रे, ग्लेन लायन या दऱ्यांत मॅकग्रेगर पिढ्यान् पिढ्या राहत होते, पण सनदा हळूहळू कॅम्पबेल या दुसऱ्या कुळाच्या हाती गेल्या. मॅकग्रेगर आपल्या वहिवाटीला 'तलवारीचा हक्क' म्हणत. कोर्टात तलवार चालत नाही, सनद चालते. माणसं बेदखल झाली, गुरं पळवून जगू लागली आणि सरकारदरबारी गुन्हेगार ठरली.

७ फेब्रुवारी १६०३ रोजी ग्लेन फ्रुइनमध्ये त्यांनी कहून कुळाचा मोठा संहार केला. ३ एप्रिलला प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळाने, आडनावच रद्द केलं. मॅकग्रेगर म्हणवून घेणाऱ्याला देहांत शासन. दोनच दिवसांनी स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स इंग्लंडचं तख्त घ्यायला लंडनच्या वाटेला लागला. कुळाचा प्रमुख अ‍ॅलस्टर शरण आला तो इंग्लंडात सुखरूप पोचवण्याच्या वचनावर. त्याला सीमेपलीकडे नेलं, म्हणजे वचन पाळलं, आणि तसंच परत आणून २० जानेवारी १६०४ ला एडिंबरात फासावर दिलं. पुढच्या वर्षांत निर्बंध वाढत गेले. हत्यार म्हणून फक्त मांस कापायची, टोक नसलेली सुरी. आणि चारांहून अधिक जणांनी एकत्र जमायचं नाही. १६३३ च्या कायद्याने तर पाद्र्याने या नावाने बाप्तिस्मा द्यायचा नाही आणि नोटरीने दस्तऐवज करायचा नाही, असंही ठरलं. कुटुंबाला जन्माच्या आणि व्यवहाराच्या कागदांतूनच बाहेर काढायचं, याहून क्रूर शिक्षा मला तरी सुचत नाही.

मग लोकांनी ज्याच्या जमिनीवर राहत होते त्याचं, आजोळचं, किंवा आश्रय देणाऱ्याचं नाव घेतलं: कॅम्पबेल, ड्रमंड, मरे, ग्रॅहम, स्ट्यूअर्ट. १६६१ मध्ये बंदी उठली, १६९३ मध्ये पुन्हा बसली आणि १७७४ मध्ये कायमची गेली. या कुळातला सगळ्यात प्रसिद्ध माणूस म्हणजे रॉब रॉय. त्याचा बाप्तिस्मा मार्च १६७१ चा, म्हणजे बंदी उठलेली असतानाचा; १६९३ नंतर त्याने आईचं कॅम्पबेल नाव लावलं. १७७४ नंतर कुळाने ज्याला प्रमुख मानलं तो बंगालच्या फौजेत नोकरी केलेला जॉन मरे. त्याच्या घराण्याने मॅकग्रेगर हे नाव परत घेतलं ते १८२२ मध्ये.

आता शोधायचं कसं. सुरुवात नेहमी आजच्या बाजूने करून मागे जायचं. स्कॉटलंड्सपीपल या सरकारी संकेतस्थळावर सूची शोधणं फुकट आहे. मूळ पानाची प्रतिमा पाहायला क्रेडिट विकत घ्यावे लागतात. १०० वर्षांच्या आतले जन्म, ७५ च्या आतले विवाह आणि ५० च्या आतले मृत्यू यांच्या प्रतिमा तिथे दिसत नाहीत. सरकारी नोंदणी १ जानेवारी १८५५ ला सुरू झाली, आणि त्या एका वर्षाचे दाखले म्हणजे खजिना. जन्माच्या दाखल्यात आईवडिलांचं वय, जन्मस्थळ, लग्नाची तारीख नि गाव, आधीची भावंडं; मृत्यूच्या दाखल्यात मुलाबाळांची नावं आणि दफनाची जागासुद्धा. कारकुनांना हे झेपेना, म्हणून १८५६ पासून बरंच गाळलं. आपल्या पणजोबांचं एखादं भावंड १८५५ मध्ये जन्मलं किंवा वारलं असेल तर आधी तो दाखला घ्या.

त्याआधीच्या चर्चच्या नोंदवह्या परगण्यागणिक वेगळ्या. सगळ्यात जुनी १५५३ ची. डोंगराळ भागातल्या कित्येक फार उशिरा सुरू होतात. १७८३ ते १७९४ दरम्यान दर नोंदीला तीन पेन्स कर होता, त्यामुळे गरिबांनी मुलं नोंदवलीच नाहीत. तिथे भोक दिसलं म्हणजे वंश संपला असं समजू नका.

मॅकचं स्पेलिंग हाही एक सापळा आहे. 'एमएसी', नुसतं 'एमसी', किंवा एम आणि वर उलटा स्वल्पविराम, हे सगळं एकच. एक रूप स्कॉटिश आणि दुसरं आयरिश, हा समज चुकीचा. शोधताना तारांकन वापरून सगळी रूपं चाळा. बायका लग्नानंतरही कागदोपत्री माहेरचं नाव राखत. मृत्यूच्या सूचीत बाई दोन्ही नावांनी सापडते.

पण मॅकग्रेगरांच्या बाबतीत मुख्य युक्ती वेगळीच: आडनाव सोडा, वाडी धरा. बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाच्या नावापुढे बहुधा शेतवाडीचं नाव असतं. समजा १७८० मध्ये एका वाडीवर डंकन मॅकग्रेगर आणि जॅनेट फर्ग्युसन यांचं मूल नोंदलंय, आणि मागे जाताना हे जोडपं गायब होतं. तर त्याच वाडीवर १७७० च्या सुमाराला डंकन ड्रमंड आणि जॅनेट फर्ग्युसन आहेत का, ते पाहा. बायकोचं नाव बदलत नाही, तोच दोरा. कधी 'ड्रमंड उर्फ मॅकग्रेगर' असं सरळ लिहिलेलंही सापडतं. उलट बाजूही ध्यानात ठेवा: १६९३ नंतरची बंदी सगळीकडे काटेकोर पाळली गेली नाही, त्यामुळे त्या काळातही मॅकग्रेगर नोंदी आहेत. आणि प्रत्येक ड्रमंड काही लपलेला मॅकग्रेगर नसतो. दुकानातल्या यादीला पुरावा मानू नका. कागद संपले तर वाय-डीएनए चाचणी आहे, पण ती बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या सरळ ओळीपुरतीच.

वर्षाचीही एक खोच. स्कॉटलंडने १६०० पासून १ जानेवारीला वर्ष बदलायला सुरुवात केली. इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत ते २५ मार्चला बदलायचं. म्हणून ग्लेन फ्रुइनची लढाई इंग्रजी कागदांत १६०२ ची दिसू शकते.

रॉब रॉय २८ डिसेंबर १७३४ ला वारला, बंदी चालू असतानाच. त्याची कबर बॅलक्विडर गावच्या चर्चच्या आवारात आहे, कॅलंडरहून उत्तरेला जाणाऱ्या रस्त्यावरून आत वळून साधारण तीन किलोमीटर. दगडावर खूप नंतर कोरलेली ओळ आहे: 'त्यांना न जुमानता मॅकग्रेगर'.