पुढील स्टेशन दादर

मुलुंडहून रोज स्लो लोकलने जाणाऱ्याला ‘पुढील स्टेशन दादर’ ऐकू येत नाही, माटुंगा मागे पडलं की ते आपोआप कळतं. परवा रात्री झोप येईना म्हणून तेच वाक्य एका फाइलीत वीस लाख वेळा लिहिलं. मी कुठला लिहितोय, दोन ओळींच्या प्रोग्रॅमने लिहिलं. देवनागरीत अक्षराला तीन बाइट, काना-मात्रेला आणखी तीन, पाय मोडायलाही तीन. स्पेस आणि ओळीचा शेवट धरून ही ओळ बरोबर 48 बाइटांची. एकूण 96 एमबी. जीझिप केली, म्हणजे फाइल दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रॅममधून काढली, तर 280 केबीच्या आसपास!

यामागची युक्ती लेंपेल आणि झिव या संशोधकांची, 1977 सालची. आधी येऊन गेलेलं पुन्हा लिहायचंच नाही. ‘48 बाइट मागे जा, तिथून 258 उतरव’ एवढी चिठ्ठी ठेवायची. 258च्या वर एका चिठ्ठीत मावत नाही, पण तेवढ्यात आपल्या सव्वापाच ओळी उरकतात आणि चिठ्ठी होते जेमतेम सहा बिटांची. शिवाय सगळ्या चिठ्ठ्या एकसारख्या. म्हणून त्या जीझिपचीच पुन्हा जीझिप केली, तर दोन केबीही भरेनात. एरवी हा उद्योग म्हणजे गच्च बांधलेल्या गाठोड्याला वरून आणखी एक गाठ.

मग मला जरा माजच चढला. आईचा फोन कायम भरलेला. त्यातलं ‘सुप्रभात’वालं गुलाबाचं एक चित्र घेतलं, त्याच्या पन्नास प्रती एका टार फाइलीत, म्हणजे अनेक फाइली न दाबता एकत्र बांधणाऱ्या गाठोड्यात, कोंबल्या. दहा एमबी. जीझिप ढिम्म. चित्र 200 केबीचं आणि याची आठवण मागच्या 32 केबीपुरती. दुसरा गुलाब येईपर्यंत पहिला विसरलेला. एक्सझेड हा तसाच दुसरा प्रोग्रॅम मात्र नेहमीच्या सेटिंगवर मागचं 8 एमबीपर्यंत लक्षात ठेवतो. त्याने पन्नास गुलाबांचा एक करून दाखवला.

सकाळी चहा घेताना आईला हे सगळं रंगवून सांगितलं.

“म्हणजे माझ्या फोनात जागा झाली?”

“नाही गं, ते माझ्या लॅपटॉपवर.”

एवढ्यात तिचा फोन टुंग वाजला. समोरच्या काकूंचा गुलाब.