तुम्ही विचारलंत म्हणून: ती मीटिंग कुठं भरते?

"भाऊ, आपल्याकडे ती मीटिंग कुठं भरते?" ती म्हणजे नशा सोडू पाहणाऱ्यांची मीटिंग. महिन्यातून चार-पाचदा तरी हा फोन येतो. पुरुष असला की "मित्रासाठी विचारतोय" म्हणतो. आया-बायका मात्र आवाज खाली करून सरळ पोराचं, नवऱ्याचं नाव घेतात.

मी भुसावळचा. आधी गर्द, मग खोकल्याचं औषध, शेवटी गोळ्या. नऊ वर्षं झाली, क्लीन आहे, म्हणजे नशा बंद. नाव सांगत नाही, आमच्यात तशीच रीत आहे.

पुण्या-मुंबईत या प्रश्नाला सोपं उत्तर आहे. नार्कोटिक्स अनॉनिमस, म्हणजे नशा सोडणाऱ्यांनीच चालवलेली आमची एनए, १९५३ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात सुरू झाली आणि मोठ्या शहरांत तिची मीटिंग कुठं ना कुठं सापडते. खानदेशात तसं नाही. इथं गट चारपाच जणांचा. त्यातल्या एकाची बदली झाली, दुसरा परत नशेत गेला, की मीटिंग बंद. पत्ता मात्र कागदावर तसाच राहतो. मला मिळालेल्या पहिल्या पत्त्यावर गेलो तर खोलीला कुलूप. शेजारचा चहावाला म्हणाला, "ते लोक येत नाहीत आता." मनातून मला बरंच वाटलं. ते कुलूप मी पुढं आठ महिने निमित्त म्हणून वापरलं.

म्हणून नुसता पत्ता घेऊन निघू नका. आधी फोन करा, आणि "मी नवीन आहे, दाराशी कोणी उभं राहील का?" असं विचारा. भारतातल्या एनएची स्वतःची हेल्पलाइन आहे. सरकारची १४४४६ ही मोफत आहे, तिथं समुपदेशन मिळतं आणि उपचार केंद्राची माहितीही. दाराशी माणूस उभा आहे म्हटल्यावर माघारी फिरायची लाज वाटते. माझं तरी तसंच झालं.

दुसरी अडचण सोयऱ्यांची. जळगाव काय, धुळं काय, बसस्टँडवर कोणीतरी भेटतोच: "कथा चालना रे भो?", म्हणजे कुठं चाललास रे भाऊ? याला काय सांगणार? म्हणून आमच्यातले बरेच जण मुद्दाम परगावची मीटिंग धरतात. मी दर रविवारी रेल्वेनं नाशिकला जायचो. दीड तासाच्या मीटिंगसाठी अडीचशे किलोमीटर जायचं आणि तेवढंच परत यायचं. बायकोला वाटायचं, याचं डोकं फिरलंय. पण मालासाठी याच गाडीच्या जनरल डब्यात रात्रभर उभा राहून मी मुंबईला गेलेलो, तेव्हा अंतर मोजलं नव्हतं.

आत काय होतं, हेही विचारतात. फी नाही, फॉर्म नाही, जात-धर्म कोणी विचारत नाही. नशा सोडायची इच्छा, एवढीच अट. एकेक जण आपलं सांगतो, मध्ये कोणी बोलत नाही, सल्ला देत नाही. नव्याला पांढरा कीटॅग, म्हणजे किल्लीला लावायचा बिल्ला, देतात, तीस दिवस झाले की नारिंगी. प्लास्टिकचा दोन रुपयांचा तुकडा तो! पण तो नारिंगी कीटॅग हातात आला तेव्हा मी सगळ्यांसमोर रडलो.

जवळपास एनए नसेल तर दारूवाल्यांची अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे एए बघा. ती १९३५ पासूनची, आणि महाराष्ट्रात लहान गावांतही पोचलेली. त्यांच्या ओपन मीटिंगला कोणीही बसून ऐकू शकतो. "माझी भानगड गोळ्यांची आहे" असं आधी सांगून टाका. ऑनलाइन मीटिंगही आहेत. आमच्यातला एक पोरगा रावेरकडं केळीच्या बागेत मोटार चालू करून कानात इअरफोन घालतो आणि बांधावर बसून शेअरिंग करतो, म्हणजे आपलं सांगतो. प्रत्यक्ष मीटिंगची सर त्याला नाही, असं माझं मत. पण शून्यापेक्षा बरं.

एक गोष्ट मात्र फोनवर मी दोनदा सांगतो. 'कुत्ता गोळी' म्हणतात ती नशेची गोळी किंवा झोपेच्या गोळ्या रोज घेणाऱ्यानं मीटिंगच्या भरवशावर एका दिवसात बंद करू नये. झटके येतात, जीव जाऊ शकतो. आधी डॉक्टर, त्यांच्या सांगण्यानं हळूहळू कमी करायचं. मीटिंगला त्याच आठवड्यात या, पण मीटिंग म्हणजे दवाखाना नव्हे. आणि ताई-माई विचारतात, "आम्ही काय करायचं?" घरच्यांसाठी नार-अ‍ॅनॉन नावाचे वेगळे गट असतात. तेही इकडं शोधावेच लागतात.

आता भुसावळात आम्ही तिघं बसतो. दोन व्यसनी एकत्र बसले तरी मीटिंग होते, त्या हिशोबानं एक जास्तच. रविवारी चारला सुरू, साडेपाचला बंद म्हणजे बंद. तिसऱ्याला चोपड्याची बस गाठायची असते.